मात्रा न गळता: मराठीवरचा पेपर टॅलिपला पाठवताना

मराठीवर केलेल्या संगणकशास्त्राच्या कामाचा पेपर अडतो तो बहुधा मॉडेलपाशी नाही, अक्षरांपाशी. काना-मात्रा, जोडाक्षरं आणि रफार ही मंडळी डेटा गोळा करण्यापासून छापील प्रूफपर्यंत प्रत्येक टप्प्यावर घोळ घालतात. ज्या रिव्ह्यूअरना मराठी येत नाही त्यांना तो घोळ दिसत नाही, आणि ज्यांना येते त्यांना सगळ्यात आधी तोच दिसतो.

इथे धरलेलं जर्नल म्हणजे एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन एशियन अँड लो-रिसोर्स लँग्वेज इन्फर्मेशन प्रोसेसिंग’, बोलण्यात टॅलिप. २००२ मध्ये ते निघालं तेव्हा फक्त आशियाई भाषांपुरतं होतं, कमी साधनांच्या भाषा नावात नंतर आल्या. पेपरचा विषय धरू मराठी बातम्यांतली व्यक्ती, ठिकाणं आणि संस्थांची नावं ओळखणं, म्हणजे सगळे ज्याला एनईआर म्हणतात ते. पेपर अर्थातच इंग्रजीत लिहायचा असतो, उदाहरणं मात्र देवनागरीत.

लिहायला बसण्याआधी या विषयावर मराठीत काय झालंय ते पाहावं लागतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा महाएनईआर हा डेटासेट आहे: २५,००० वाक्यं, हातानं खुणा केलेली, नावांचे आठ प्रकार. त्यांचंच महाबर्ट हे मराठीचं भाषामॉडेल आहे. गूगलचं म्युरिल १७ भाषांचं आहे, एक्सएलएम-आर १०० भाषांचं. ही चार नावं तुलनेत नसतील तर पहिला शेरा काय येणार ते आधीच ठाऊक असतं. ‘मराठीत असं काम झालेलंच नाही’ हे वाक्य तर प्रस्तावनेत लिहूच नये. ते जवळजवळ नेहमी खोटं ठरतं, आणि ज्यानं ते काम केलंय त्याच्याकडेच पेपर रिव्ह्यूला जाण्याची शक्यता बरीच असते.

आता डेटा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाही हवा.

बातम्या उतरवून घेतल्या की सफाईची स्क्रिप्ट चालवतात. तिच्यात ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ अशी एक ओळ हमखास असते, कारण इंग्रजी मजकुरासाठी ती निरुपद्रवी आहे. मराठीत ती घातक ठरते. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ थेट वापरलेला असतो. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि त्यापुढे य असतो. दिसायला दोन्ही सारखेच. जोडक काढून टाकला की दुसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र. आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीचं ‘ऱ, हलन्त’मध्ये रूपांतर, मग युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (युनिकोड ज्यांना समान मानतं ते संकेत एका रूपात आणणं), आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य अक्षरं काढणं. क्रम उलटला तर बिघडलेला शब्द पुन्हा ओळखायला काही खूण उरत नाही.

‘ॲप’चीही तीच गत. अ-वर चंद्र असलेलं अक्षर ०९७२ या एकाच संकेतानं लिहितात, अ आणि चंद्र वेगळे टाइप करूनही लिहितात, आणि हिंदी कळफलकावरून आलेल्या मजकुरात त्याजागी ‘ऍ’ असतो. हे तीन प्रकार युनिकोडच्या लेखी एकमेकांचे समान नाहीत, त्यामुळे एनएफसी चालवलं तरी ते वेगळेच राहतात. त्यांचं एकरूपीकरण स्वतः लिहावं लागतं. पेपरमध्ये ‘मजकूर प्रमाणित केला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणते संकेत कशात बदलले याचा चार ओळींचा तक्ता परिशिष्टात द्यावा. तो तक्ता असलेल्या पेपरच्या डेटावर रिव्ह्यूअर फारसे प्रश्न विचारत नाहीत.

टोकनायझरची, म्हणजे मजकुराचे मॉडेलसाठी तुकडे करणाऱ्या प्रोग्रॅमची, तपासणीही इथेच उरकावी. गूगलच्या बर्ट या भाषामॉडेलच्या बहुभाषी रूपाची एक आवृत्ती मोठी-लहान अक्षरं एक करणारी आहे. ती अक्षरं लहान करताना फ्रेंच-जर्मन स्वरांवरच्या खुणाही काढते. त्यासाठी युनिकोडच्या ज्या वर्गाला ती कात्री लावते, त्याच वर्गात आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसतात. काना आणि वेलांटी दुसऱ्या वर्गात असल्यामुळे वाचतात. परिणाम असा की ‘कुत्रे’चं ‘कतर’ होतं आणि ‘मुंबई’ची ‘मबई’. प्रोग्रॅम कुठेही चूक दाखवत नाही, आकडे येत राहतात, फक्त चार-पाच गुण कमी का पडतायत ते कळत नाही. इंडिकबर्ट हे भारतीय भाषांचं मॉडेल वापरतानाही ‘कीप ॲक्सेंट्स’ हा पर्याय चालू ठेवावा लागतो. उपाय एका मिनिटाचा आहे: उकार, मात्रा, अनुस्वार आणि ऱ्य असलेली दहा वाक्यं टोकनायझरमधून काढून परत जोडायची आणि मूळ वाक्याशी ताडून पाहायची. प्रशिक्षण सुरू करण्याआधी हे करायचं, निकाल वाईट आल्यावर नव्हे.

खुणा करणाऱ्यांसाठी लेखी नियमावली लागते, आणि ती मराठीसाठी मुळातून लिहावी लागते. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ‘आशा’, ‘प्रकाश’, ‘विजय’ हे शब्द माणसं की सामान्य नामं हे वाक्यावरूनच ठरतं. विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप करतात. ‘पुण्याहून’मध्ये ‘पुणे’ जसंच्या तसं सापडतच नाही. म्हणून प्रत्ययासकट अख्ख्या शब्दावर खूण करायची की प्रत्यय तोडायचा, हा निर्णय पहिल्या दिवशी घेऊन लिहून ठेवायचा. अख्खा शब्द धरणं सोयीचं. प्रत्यय तोडले की ‘पुण्या’ हा तुकडा उरतो आणि त्याला मूळ रूपात आणणं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊन बसतो. ‘दिल्लीने निधी रोखला’ यातली दिल्ली ठिकाण की सरकार, म्हणजे संस्था, यावर तर दोन शहाणी माणसं तासभर भांडू शकतात. नियमावलीत अशी निदान वीस-पंचवीस वाक्यं निकालासकट असावीत.

दोघांच्या खुणा किती जुळल्या ते टक्क्यांत सांगू नये, कारण टक्के फसवतात. समजा दोघांनी १०० शब्दांपैकी प्रत्येकी ८५ शब्दांना ‘नाव नाही’ म्हटलं आणि ९० शब्दांवर दोघांचं एकमत झालं. ऐकायला भक्कम वाटतं. पण नुसत्या योगायोगानंही ०.८५ चा वर्ग अधिक ०.१५ चा वर्ग, म्हणजे ०.७४५ इतकं एकमत झालंच असतं. योगायोग वजा करून एकमत मोजणारा कोहेनचा काप्पा मग ०.९० वजा ०.७४५ भागिले ०.२५५, म्हणजे जेमतेम ०.६१ येतो. खुणा करणारे तीन किंवा जास्त असतील तर फ्लाइसचा काप्पा. एनईआरमध्ये बहुसंख्य शब्द ‘नाव नाही’ याच गटातले असल्यामुळे सोबत आणखी एक आकडा द्यावा: एकाच्या खुणा बरोबर धरून दुसऱ्याचा एफ-वन (किती खुणा बरोबर आणि किती नावं सुटली या दोन्हींचा मिळून गुण), पूर्ण नावाच्या पातळीवर मोजलेला.

डेटाची विभागणी वाक्यांवर करू नये, बातमीवर करावी. एकाच बातमीतली तीन वाक्यं प्रशिक्षणात आणि दोन चाचणीत गेली की मॉडेलला नावं पाठ होतात. त्याहून लपलेली गळती म्हणजे वृत्तसंस्थेची एकच बातमी चार वर्तमानपत्रांत थोड्या फरकानं छापलेली असते. सलग आठ शब्द जुळणारी वाक्यं दोन्ही भागांत आहेत का ते तपासायचं, आणि तसं तपासलं हे पेपरमध्ये लिहायचं.

प्रयोगांबद्दल थोडक्यात. एनईआरमध्ये शब्दांच्या पातळीवरची अचूकता देऊच नये; बहुतेक शब्द नावं नसल्यामुळे ती आपोआप नव्वदीच्या पुढे जाते. एफ-वन पूर्ण नावावर मोजायचा. शब्दाचे तुकडे झाले तर खूण पहिल्या तुकड्यालाच, बाकीचे गणतीतून बाहेर. प्रत्येक मॉडेल पाच वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांवर, चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन द्यायचं. विचलन ०.६ असताना ०.४ चा विजय ठळक अक्षरांत छापण्यात अर्थ नाही, पण छापतात खरं. आणि चुकांचं विश्लेषण हवंच: मॉडेलनं चुकवलेली १०० नावं हातानं वाचून त्यांचे गट पाडायचे. मराठीवरच्या पेपरमध्ये मराठी माणसालाच लिहिता येईल असा भाग हा एकच असतो, आणि नेमका तोच अर्ध्या पानात गुंडाळला जातो.

मजकूर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहायचा. एसीएमचा साचा ‘एसीएमआर्ट’ नावाचा आहे आणि ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक संपादकावर तयार मिळतो. पाठवताना ‘मॅन्युस्क्रिप्ट’ आणि ‘रिव्ह्यू’ हे दोन पर्याय चालू ठेवले की एका रकान्याची मांडणी होते आणि समासात ओळींचे क्रमांक येतात. ते क्रमांक पुढे उत्तरं लिहिताना फार कामी येतात. विषय-वर्गीकरणासाठी एसीएमची २०१२ ची सूची आहे. तिच्या पानावर नोंदी निवडून महत्त्वाप्रमाणे ५००, ३०० किंवा १०० असं वजन दिलं की तयार कोड मिळतो, तो जसाच्या तसा चिकटवायचा. दोन-तीन नोंदी पुरेत.

देवनागरी उदाहरणांसाठी पीडीएफलाटेक हा लाटेकचा नेहमीचा प्रकार उपयोगाचा नाही, झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्यायचं. नोटोसारखा फॉण्ट जोडताना लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. नाही सांगितलं तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे उमटते: ‘किती’मधली पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते. लुआलाटेकमध्ये याशिवाय हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा रेंडरर निवडावा लागतो. भाषा मराठी असंही सांगितलं तर ज्या फॉण्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. ते अनिवार्य नाही, पण डोळ्याला बरं वाटतं.

प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्यायचं: देवनागरी, रोमन लिप्यंतर, इंग्रजी अर्थ. लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवायची, आयएसओ १५९१९ हे भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतराचं आंतरराष्ट्रीय मानक सगळ्यात निर्धोक. अर्ध्या पेपरात खुणांची रोमन आणि अर्ध्यात मोबाइलवरची, असं झालं की परका वाचक ते दोन वेगळे शब्द समजतो.

आकृत्यांमध्ये वेगळाच सापळा आहे. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथन लायब्ररीच्या नेहमीच्या मार्गानं देवनागरी अक्षरं नीट जुळत नाहीत, मात्रा विस्कटतात. आलेख तिच्या पीजीएफ या लाटेकमधून जाणाऱ्या मार्गानं झीलाटेककडून काढून घेतला की प्रश्न सुटतो. शिवाय मॅटप्लॉटलिब पीडीएफमध्ये ‘टाइप ३’ प्रकारचे फॉण्ट घालतं आणि ते प्रकाशकांना चालत नाहीत. पीडीएफच्या फॉण्टटाइपची किंमत ४२ केली की ट्रूटाइप येतात. पाठवण्याआधी ‘पीडीएफफॉण्ट्स’ ही आज्ञा चालवून यादीत टाइप ३ कुठे उरलंय का आणि सगळे फॉण्ट फाइलमध्ये समाविष्ट आहेत का ते पाहायचं. प्रत्येक आकृतीला ‘डिस्क्रिप्शन’ या आज्ञेत शब्दांत वर्णन द्यावं लागतं, ते दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन-रीडरसाठी असतं. तिथे आकृतीखालची ओळच पुन्हा चिकटवू नये. आलेखात काय चढतंय, काय उतरतंय ते लिहावं.

संदर्भसूचीत दोन चुका सतत होतात. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदींमध्ये आर्काइव्हची (छापण्याआधीचे पेपर ठेवणाऱ्या खुल्या संकेतस्थळाची) प्रत असते, तो पेपर नंतर परिषदेत छापून आलेला असला तरी. दुसरी म्हणजे लाटेकमध्ये संदर्भसूची बनवणाऱ्या बिबटेक्सच्या अनेक शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात आणि ‘मराठी’, ‘बर्ट’ ही विशेषनामं इंग्रजीत लहान अक्षरानं छापली जातात. त्यांच्याभोवती महिरपी कंस घालायचे.

डेटा खुला करायचा तर बातमीच्या मजकुरावर वर्तमानपत्राचा हक्क आहे हे लक्षात ठेवावं. परवानगी नसेल तर दुवे, खुणा आणि मजकूर पुन्हा जुळवणारी स्क्रिप्ट द्यावी. झेनोडो या खुल्या संग्रहस्थळावर ठेवलं की डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. ‘मागितल्यास देऊ’ या वाक्यावर आता कुणाचा विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पाठवण्याच्या आठवड्यात काही कागदी गोष्टी उरतात. हेच काम आधी परिषदेत छापलं असेल तर एसीएमच्या नियमानुसार निदान २५ टक्के मजकूर नवा आणि भरीव हवा, आणि नवं काय ते कव्हर लेटरमध्ये मुद्द्यांनी सांगावं. साम्य तपासणीत स्वतःचीच आर्काइव्हवरची प्रत सापडते, तिचाही उल्लेख तिथेच. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमुळे ‘दहा टक्क्यांच्या आत’ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, पण एडिटर नुसता आकडा पाहत नाहीत, सलग परिच्छेद कुठून आलाय ते पाहतात. एआय साधनानं मजकूर तयार केला असेल तर तसं पेपरमध्ये नोंदवावं लागतं, आणि लेखक म्हणून त्याचं नाव घालता येत नाही.

लेखकांची नावं आणि क्रम पाठवण्याआधीच पक्का हवा. नंतर नाव घालणं किंवा काढणं म्हणजे सगळ्यांची लेखी संमती आणि एडिटरची परवानगी. काम न केलेल्या विभागप्रमुखांचं नाव शेवटी जोडण्याची जुनी रीत एसीएमच्या नियमात बसत नाही; हे घरच्या घरी आधीच बोलून घेतलेलं बरं. एसीएमची प्रकाशनं जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे खुली झाली, त्यामुळे प्रकाशन शुल्काचा प्रश्न येतो. संस्था एसीएम ओपन या वर्गणीच्या योजनेत असेल तर करस्पॉण्डिंग ऑथरला (पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला) शुल्क पडत नाही. ते संस्थेच्या ग्रंथपालांना आधी विचारावं आणि करस्पॉण्डिंग ऑथरनं जीमेल न वापरता संस्थेचाच ईमेल द्यावा.

पेपर स्कॉलरवन या प्रणालीतून जातो. सात पायऱ्या: प्रकार, शीर्षक आणि गोषवारा; फाइली; कीवर्ड; लेखक; रिव्ह्यूअरची सुचवणी; तपशील आणि कव्हर लेटर; शेवटी पाहणी. गोषवारा दीडशे-दोनशे शब्दांचा, त्यात संदर्भ किंवा लाटेकच्या आज्ञा नकोत, कारण त्या चौकटीत त्या कच्च्याच दिसतात. प्रत्येक को-ऑथरचं ऑर्किड खातं, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, तयार ठेवावं. नावाची रोमन स्पेलिंग ऑर्किडवर, पेपरवर आणि प्रणालीत एकच हवी. आडनाव आधी लिहिण्याच्या सवयीनं इथे पहिलं नाव आणि आडनाव उलटी पडतात आणि ती चूक थेट छापील पेपरपर्यंत जाते. रिव्ह्यूअर सुचवताना आपल्याच संस्थेतले किंवा अलीकडचे सहलेखक टाळायचे. एक तरी मराठी जाणणारा आणि एक तरी दुसऱ्या भाषेत एनईआर केलेला, अशी जोडी सुचवावी.

प्रणाली सगळ्या फाइली जोडून एक प्रूफ बनवते आणि ते उघडल्याशिवाय पाठवण्याचं बटण चालू होत नाही. बरेच जण ते उघडून लगेच बंद करतात. नुकसान होतं ते तिथेच. उदाहरणांच्या पानावर जाऊन जोडाक्षरं डोळ्यांनी पाहायची. बिघडली असतील तर अर्ज मसुद्यात ठेवून झीलाटेकनं केलेली तयार पीडीएफ मुख्य फाइल म्हणून चढवायची.

मग काही महिने वाट. स्थितीच्या रकान्यात ‘रिव्ह्यूअरची निवड बाकी’ असं बरेच आठवडे दिसलं तर पेपर हरवलेला नसतो, लोक नकार देत असतात. फारच लांबलं तर एडिटरना पेपर क्रमांकासह तीन ओळींचं नम्र पत्र चालतं.

‘मेजर रिव्हिजन’ आलं तर ती चांगली बातमी समजावी. उत्तराच्या पत्रात प्रत्येक शेरा पूर्ण उद्धृत करायचा, त्याखाली उत्तर, त्याखाली बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत. ‘हे मराठीपुरतंच आहे का?’ हा प्रश्न येतोच. त्याला हिंदीवर एक छोटा प्रयोग करून उत्तर दिलेलं वादावादीपेक्षा स्वस्त पडतं. मान्य नसलेला शेरा कारणासकट नाकारता येतो, पण अशा नकारांपाठोपाठ एखादा आकडा हवा. बदल दाखवायला दोन प्रतींमधला फरक रंगवणारं लाटेकडिफ वापरतात. ते तक्त्यांमध्ये हमखास तुटतं, म्हणून तक्ते वगळून चालवायचं आणि त्यातले बदल हातानं रंगवायचे. सुधारित प्रत ‘क्रिएट अ रिव्हिजन’मधूनच पाठवायची, तेव्हा क्रमांकाला आर-वन लागतं. चुकून नवा पेपर म्हणून पाठवला तर तो नव्यानं रांगेत बसतो.

स्वीकारल्यावर हक्कांचा अर्ज भरला की कॉपीराइट आणि डीओआयच्या तयार ओळी येतात, त्या मूळ फाइलमध्ये घालून सगळा स्रोत एसीएमच्या टॅप्स या प्रकाशनासाठी फाइली तयार करणाऱ्या प्रणालीत चढवायचा. ती पीडीएफ आणि वेबपान अशी दोन रूपं बनवते. परवानगीच्या यादीबाहेरचं लाटेक पॅकेज असेल तर ती अडते, म्हणून हौसेनं जोडलेली पॅकेजेस आधीच काढावीत. प्रूफ दोन्ही रूपांत तपासायचं, कारण पीडीएफमध्ये नीट दिसणारी देवनागरी वेबपानावर वेगळ्या फॉण्टनं उमटते. पीडीएफमधून एक उदाहरण कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून पाहावं, आणि वेबपानावर ‘दऱ्या’ शोधून पाहावं. सापडलं नाही तर प्रूफ परत पाठवायला अजून वेळ असतो.